कागद जातो, साचा घरीच राहतो



दिवाळीत आपल्या घरी सोऱ्याने शेव पाडतात. ताटभर शेव शेजारी जाते, सोऱ्या मात्र घरीच राहतो. शेजारणीला शेव खाता येते. पण त्या ताटातून तिला नवी शेव पाडता यावयाची नाही. आज मी संगणकावरील कागदांविषयी बोलणार आहे. तेव्हा ही शेव-सोऱ्याची गोष्ट शेवटपर्यंत ध्यानात ठेवा.

आपल्या वाशीम जिल्ह्यात, रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत, शाळांचे दाखले, पत्रे, सभांची इतिवृत्ते वर्डवर तयार होतात. मजकूर तोच, नावे तेवढी निराळी. म्हणून हौशी शिक्षक त्याचा एक साचा करून ठेवतात. याला टेम्प्लेट म्हणतात. काही साच्यांत मॅक्रोही असतात. मॅक्रो म्हणजे काय? तर संगणकाला आधीच लिहून दिलेले हुकूम. बटन दाबले की संगणक मुलाचे नाव विचारतो आणि दाखल्यात पाच ठिकाणी आपणच भरतो. अशा साच्याच्या नावाअखेर डी-ओ-टी-एम ही अक्षरे असतात.

समजा, मंगरूळपीर तालुक्यातील एका गुरुजींनी असा साचा केला, त्यातून एक दाखला काढला आणि मानोऱ्याच्या एका शिक्षकांना पाठविला. लगेच फोन आला, "सर, कागद तं आला, पण बटन कुठी गेलं?"

बटन हरवले नाही. ते साच्यात आहे, आणि साचा गुरुजींच्या संगणकात आहे. साच्यातून निघालेल्या कागदाबरोबर मजकूर, तक्ते, अक्षरांची ठेवण एवढेच जाते. कागदाच्या नावाअखेर डी-ओ-सी-एम लावले, तरी साच्यातील हुकूम आपोआप कागदात उतरत नाहीत. कागदाला फक्त साच्याचा पत्ता आठवतो. तो पत्ता दुसऱ्याच्या संगणकावर सापडत नाही. आणि मोबाइलवरच्या वर्डमध्ये तर हे मॅक्रो चालतच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, कागदाबरोबर हुकूमही सरसकट का पाठवीत नाहीत? याचे कारण आहे. मॅक्रो हा निमूट राबणारा गडी. हुकूम देणारा धनी की चोर, हे तो पाहत नाही. 1999 च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या कागदात लपून जगभर पसरला. कागद उघडून मॅक्रो चालू झाला, की तो त्या माणसाच्या पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना स्वतःच्या प्रती धाडी. पुढे वर्डच्या 2007 च्या आवृत्तीपासून मॅक्रोवाल्या आणि बिनमॅक्रोच्या फाइलींची नावेच निराळी केली गेली. 2022 पासून तर इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो विंडोजवरील नवे वर्ड मुळातच अडवून धरते आणि वर तांबूस पट्टी दाखविते.

खरा धोका येथेच आहे. पट्टी दिसली की कोणी तरी सल्ला देतो, "सेटिंगमध्ये जा आणि सगळेच मॅक्रो चालू करून टाका." अहो, एका पाहुण्याला आत घ्यावयाचे म्हणून वाड्याचा दरवाजा कायमचा काढून ठेवावा काय? शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. पालकांनी ते आपल्या भरवशावर दिलेले असतात.

मग करावे काय? समोरच्याला फक्त वाचावयाचे असेल, तर पीडीएफ पाठवा. त्याला मजकुरात भर घालावयाची असेल, तर साधा डी-ओ-सी-एक्स कागद पुरे. कागद उघडावयास फार वेळ लागत असेल, तर तो बहुधा दूरच्या साच्याचा पत्ता शोधत बसलेला असतो. तो दुवा तोडून मगच पाठवा. आणि समोरच्यालाही बटन हवे असेल, तर खुद्द साचाच द्या. शक्यतो हातोहात द्या, किंवा आधी फोन करून सांगा. घेणाऱ्यानेही, "सर, ही फाइल तुम्हीच पाठवली ना?" असे विचारून घ्यावे. खात्री पटली, तर फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या एका फाइलीपुरते अनब्लॉक करावे. सेटिंगला हात लावू नये.

साचा देताना एका चिठ्ठीवर लिहून द्या, की कोणते बटन काय करते. ज्याने साचा केला, त्याची उद्या बदली होते आणि मागे राहते एक न कळणारे बटन. चिठ्ठी असली, तर नव्या शिक्षकाचे अडत नाही.

शेजाऱ्याला शेव द्या, मागितला तर सोऱ्याही द्या. पण आपण काय देत आहोत, हे देताना दोघांनाही ठाऊक असावे, एवढेच माझे सांगणे आहे.