तुम्ही जा, मी थांबते

घरातली माणसं फिरायला निघाली की आपलं एक वाक्य ठरलेलं असतं, "तुम्ही जा, मी थांबते." गुडघे दुखतात, सामानापाशी कुणीतरी हवं, खर्च वाढतो. कारण काहीही चालतं.

मागच्या वर्षी मी अमेरिकेत लेकीकडे गेले होते. तिथून सगळे मिळून बेलीझ या छोट्या देशात चार दिवस गेलो. एक दिवस होडीतून माया लोकांचं जुनं शहर बघायचं ठरलं. मला पोहता येत नाही. म्हटलं, "तुम्ही जा." नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजी, मग मीपण नाही जाणार." झालं, निघावंच लागलं.

ऑरेंज वॉक गावाजवळ होडीत बसलो. अंगात लाइफ जॅकेट घातलं, तरी छातीत धडधडत होतं. न्यू रिव्हर नदीतून साधारण 40 किलोमीटर जायचं होतं. त्या भागात ऊस फार. तिथल्या कारखान्याची साखर पूर्वी याच नदीतून मोठ्या तराफ्यांवरून समुद्राकडे नेत. ऊस म्हटल्यावर मला जरा धीर आला. पुढे दाट झाडी लागली, पाण्यावर कमळाची पानं दिसली. काठावर मगर पडलेली बघून नातीचा हात घट्ट धरला.

त्या शहराचं नाव लामानाई. अर्थ, पाण्यात बुडालेली मगर! तिथे माणसं 3,000 वर्षांहून जास्त काळ राहिली. स्पॅनिश लोकांनी येऊन चर्च बांधलं, पुढे माया लोकांनी बंड करून ते जाळलं. जंगलात गडप झालेल्या या शहराचं मोठं उत्खनन 1974 पासून सुरू झालं.

आपल्याला ओळखीचं वाटेल असं एक सांगते. माया बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायच्या, धुवायच्या आणि दगडी पाट्यावर वाटायच्या. मग त्याची पातळ भाकरी तव्यावर भाजायच्या. चुन्यामुळे मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. ही रीत तिकडे आजही आहे. पाटा-वरवंटा आपलाच नाही बरं का!

शेवटी मोठं देऊळ आलं. उंची 33 मीटर, म्हणजे दहा मजली इमारतच. तोंडावर पुन्हा तेच वाक्य आलं. पण नात बघत होती. तिनेही मोठेपणी असंच मागे थांबायचं का? मी चढायला लागले. चार पायऱ्या चढायच्या, बसायचं, पुन्हा चढायचं. वर पोचले तेव्हा खाली सगळं हिरवं रान आणि नदीचं चमकतं सरोवर दिसलं. लेक म्हणाली, "आई, तुला इतक्या उंचावर मी पहिल्यांदाच बघतेय."

मैत्रिणींनो, परदेशीच जायला हवं असं नाही. आपल्या तालुक्यातला किल्ला, लेणी आपण तरी कुठे पाहिलीत? बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एका दिवसाची सहल ठरवा. दुखऱ्या गुडघ्यांची कुणी असेल तर तिच्या चालीने चाला. आणि कुणी म्हणालीच, "तुम्ही जा, मी थांबते," तर तिला सांगा, "तू येईपर्यंत आम्हीही थांबतो."