नित्यकर्मातील जिव्हाळा



केळशीची श्रीशांतादुर्गा, कुठ्ठाळीचा श्रीमंगेश, सांखवाळचा श्रीलक्ष्मीनृसिंह ही मुरगाव तालुक्यातील दैवते सोळाव्या शतकात, धर्मच्छळाच्या काळी, भक्तांना नदीपलीकडे अंत्रूज महालात न्यावी लागली. त्या स्थलांतराची नोंद इतिहासाने घेतली. परंतु त्यानंतर पिढ्यान् पिढ्या पहाटे उठून नंदादीपात तेल घालणारे, फुले वेचणारे, प्राकार झाडणारे हात कोणाचे होते, हे फारसे कोणी लिहून ठेवले नाही. देवस्थाने टिकली ती त्या हातांमुळे. नित्याचे काम असेच असते. ते झाले तर कोणास दिसत नाही, राहिले तर सर्वांस जाणवते.

असे काम करताना मनाची वृत्ती कशी असावी, याचा शोध घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. याच तालुक्यातील सांखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. पण त्यांचे शालेय शिक्षण थोडे होते आणि तरुणपणी त्यांच्या वाट्यास आले ते घरच्या माडांची देखरेख करण्याचे काम. पाडेली बोलवावा, नारळ मोजावेत, हिशेब ठेवावा, असा तो दिनक्रम. त्यात त्यांचे मन रमत नव्हते. १८९७ च्या सुमारास मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोधमेवा’ मासिकात भगवान बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि मनाला एक ध्यास लागला.

या ध्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९९ च्या डिसेंबरात धर्मानंदांनी घर सोडले, तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. पुढे पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत शिकले, सिंहलद्वीपात कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पालीचा अभ्यास केला. त्या विद्येची किंमत त्यांच्याबरोबर घरातील माणसांनीही मोजली. ‘निवेदन’ या १९२४ साली पुस्तकरूपाने निघालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपली उणी बाजू झाकून ठेवली नाही. ध्यास हा अग्नीसारखा आहे. त्यावर अन्न शिजते, पण राखणारा हात नसेल तर घरही जळते.

तो राखणारा हात म्हणजे करुणा. त्यांनी आयुष्यभर ज्या ग्रंथाची सेवा केली, त्या बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथातच याचे मार्मिक विवेचन आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना तेथे सांगितल्या असून प्रत्येकीचे दोन शत्रू दाखविले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो ओळखू येतो. जवळचा शत्रू आसक्ती. ती मैत्रीचाच वेष घेऊन येते. तसेच उपेक्षेचे. येथे उपेक्षा म्हणजे समदृष्टी. तिचा जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणाची बेपर्वाई.

ही शिकवण अरण्यातील साधकापुरती नाही. ती कचेरीच्या खिडकीलाही लागू पडते. उन्हातून चालत आलेली म्हातारी अर्ज पुढे करते. खिडकीआडचा कारकून मान वर न करता ‘एक कागद कमी आहे, उद्या या’ म्हणतो आणि आपण सर्वांना सारखेच वागवतो म्हणून समाधान मानतो. ती समदृष्टी नव्हे, तिचा जवळचा शत्रू आहे. त्याच्या शेजारचा कारकून ओळखीच्या माणसाचे काम तत्परतेने करतो. त्याला वाटते, आपण प्रेमळ आहोत. तीही मैत्री नव्हे. खरा कारकून नियम मोडत नाही. कोणता कागद हवा, तो कोठे मिळेल, हे स्वच्छ अक्षरात लिहून देतो. त्याला दोन मिनिटे अधिक लागतात. म्हातारीची एक खेप वाचते. हीच कामातील करुणा.

आणि ध्यास? त्याचेही खरे स्वरूप धर्मानंदांच्या कामात दिसते. १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले, ते वॉरन या दिवंगत विद्वानाने अपुऱ्या ठेवलेल्या ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी. पाठामागून पाठ ताडून पाहायचे, अक्षरामागून अक्षर तपासायचे, असे ते काम. श्रेयाच्या प्रश्नावरून तेथे मतभेद झाले आणि १९१२ साली ते परतले. पण ग्रंथ त्यांनी सोडला नाही. त्या कामासाठी ते पुन्हा अमेरिकेस गेले. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची देवनागरी आवृत्ती काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

मानधनाचा विचारही त्यांनी निराळाच केला. कलकत्त्याचे अध्यापन सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा ५० रुपयांची वृत्ती पत्करली, ती महाराष्ट्रात राहून मराठी वाचकांपर्यंत आपली विद्या पोचावी म्हणून. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली, पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. एकदा मागे ठेवलेल्या घराकडेही ते वळले होते. १९१८ साली अमेरिकेस जाताना कन्या माणिक आणि पुत्र दामोदर यांस त्यांनी बरोबर नेले. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

ध्यास काम पुरे करून घेतो. ते काम कोणासाठी आहे, याचा विसर करुणा पडू देत नाही. पंगतीत वाढणाऱ्याला शेवटच्या पानापर्यंत आमटी पुरली पाहिजे, याची काळजी असावी आणि त्या शेवटच्या पानावर बसलेल्याचा चेहराही दिसावा. बंदरावर गोणी वाहणारा, शाळेत मुळाक्षरे गिरवून घेणारा, देवळात समई उजळणारा, यांपैकी कोणाचे काम लहान नाही. सांखवाळच्या माडांखालून निघालेल्या एका पुरुषाच्या आयुष्याचा हा बोध देवळाच्या पायऱ्या उतरून प्रत्येकाच्या उद्याच्या कामापर्यंत पोचावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.