सर्वांना सोबत घेऊन शिकविताना



बहरीनला नोकरीस असताना आम्ही चार परिचारिका शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी मुलांचा वर्ग घेत असू. मुले दहा, भाषा तीन : मराठी, मल्याळी, अरबी. त्यांतली एक मुलगी कानाने अधू. ती मागे बसून खिडकीबाहेर पाही. घरच्यांना वाटे, पोर मंद आहे.

आम्हांला आधार मिळाला तो आपल्या कीर्तनाचा. १८८० साली मुंबईत आपल्या मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. ज्यांना हिब्रू येत नसे, अशा आयाबायांनाही पवित्र शास्त्रातल्या कथा मराठीत कळू लागल्या. एकाने सांगायचे, बाकीच्यांनी धरायचे. त्यात कोणी बाहेर राहत नाही.

गोष्ट योसेफाची घेतली. अरबी मुलांना यूसुफ घरचाच, केरळच्या ख्रिस्ती मुलांनाही ठाऊक. औषधांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर प्रसंगांची चित्रे काढली. ती क्रमाने लावायची जोडीने, आणि जोडीत दोघांची भाषा वेगळी हवी. मग खुणा कराव्याच लागतात! त्यात ही मुलगी सर्वांच्या पुढे. तिला आमच्या समोर बसविले. सांगणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा आणि पाठ फिरवायची नाही, हा नियम. उपड्या डब्यावर ताल धरायचे कामही तिचेच, कारण थरथर हाताला कळते.

गोंगाट फार होतो, अशी तक्रार आली. होई खरा. शांत वर्ग पाहुण्यांना बरा दिसतो, इतकेच.

पुढे तिचे कान तपासले, यंत्र बसले. पण त्याआधीच तिने योसेफाची सारी चित्रे बिनचूक लावली होती.