दम्याची पैसेवारी



पैसेवारी म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आधी नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते. मग पीक कापणी प्रयोग होतात आणि अंतिम आकडा पन्नास पैशांच्या आत आला की गाव टंचाईत धरलं जातं. दम्याच्या रुग्णाची आम्ही अशीच पैसेवारी काढतो.

नजरअंदाज रुग्णाचा स्वतःचा. 'धाप किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त सोसवतच नाही.' ही मोजपट्टी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची. कापणी प्रयोग म्हणजे फुंकणं. स्पायरोमेट्रीत छाती भरून श्वास घ्यायचा, सगळा जोर लावून सोडायचा आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते पाहायचं. मग पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढली, तर दम्याला मोठा पुरावा मिळतो. पीक फ्लो मीटर त्याहून सोपं, खिशात मावणारं.

हे दोन अंदाज जुळतातच असं नाही. राहात्याकडचे एक बाबा ऊसतोडीच्या दिवसांत आले. शेजारच्या रानात पाचट पेटवलं होतं. धाप किती, तर म्हणाले, 'दोन. खास काही नाही.' मी विचारलं, 'विहिरीवर जाता का?' ते गप्प झाले. सूनबाई म्हणाल्या, 'दिवाळीपासून ओट्याखाली उतरले नाहीत.' धाप लागेल ते प्रत्येक काम त्यांनी हळूहळू सोडलं होतं, मग ती जाणवणार कशी? पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावलं. आकडा आला १७०. पोळ्याच्या सुमारास हाच आकडा ३८० होता. म्हणजे पंचेचाळीस पैसे! लगेच वाफ सुरू केली.

काहींची जाणच मुळात बोथट असते. १९९४ मध्ये जपानच्या किकुची आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या झटक्यात मरता मरता वाचलेले रुग्ण तपासले. त्यांना अडथळ्यातून श्वास घ्यायला लावला आणि बोर्गच्या मोजपट्टीवर धाप विचारली. निरोगी माणसांपेक्षा त्यांनी ती कमी सांगितली. म्हणून 'मला काही होत नाही' हे वाक्य ऐकून मी निश्चिंत होत नाही. उलटही घडतं. फुफ्फुसं चांगली असतात, पण धास्तीनं सात-आठ सांगितले जातात. तो त्रासही खराच असतो, फक्त त्याचा उपचार पंप वाढवणं हा नव्हे.

तुम्ही डेअरीच्या पुस्तकात सकाळ-संध्याकाळ लिटर आणि फॅट पाहता. दम्याचं माणूस घरात असेल तर तशीच एक वही करा. दोन्ही वेळा पीक फ्लो मीटरमध्ये उभ्यानं तीनदा फुंकायचं, सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा आणि शेजारी धापेचे गुण. तब्येत बरी असतानाचा सर्वांत चांगला आकडा पहिल्या पानावर ठेवा. त्याच्या निम्म्याखाली आलात, तर धाप नसली तरी पंप ओढा आणि लगेच दवाखान्यात या. सकाळ होण्याची वाट पाहू नका.