दुष्काळ कोणाला दिसला?

(तरुण चित्रकारांच्या निवासी शिबिरात केलेले भाषण)



पाहणाऱ्याच्या दृष्टीतून इतिहास आणि सत्य कसे घडते, हा तुमच्या शिबिराचा विषय आहे. मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. परंतु १९४३ च्या बंगालच्या दुष्काळापाशी तुमचा आणि माझा विषय एकत्र येतो, म्हणून त्याविषयीच बोलतो.

त्या वर्षी सरकार धान्याचा एकूण पुरवठा मोजत होते. त्या हिशेबात महासंकट दिसत नव्हते. दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ अखेरपर्यंत जाहीरच झाला नाही. त्याच वर्षी चित्तप्रसाद हा तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव हिंडला. भुकेली माणसे त्याने रेखाटली, त्यांची हकिकत लिहिली. ‘हंग्री बेंगॉल’ या त्याच्या पुस्तिकेच्या ५,००० प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. जे दिसतच नाही असे म्हणायचे, ते जाळावे का लागले?

पुढे १९४५ मध्ये चौकशी आयोगाने बळींचा अंदाज सुमारे १५ लाख दिला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात तो ३० लाखांच्या आसपास नेला आणि दाखवून दिले की, १९४३ मधील तांदळाचा पुरवठा मागील पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होता. १९४१ पेक्षा तर तो १३ टक्क्यांनी अधिक होता. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. युद्धकाळात भाव भडकले, मजुरी मागे राहिली. भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांच्या हाती तांदूळ विकत घेण्याची ताकद उरली नाही. म्हणजे कोठारावर खिळलेल्या नजरेला माणूस दिसत नव्हता.

यावरून ‘ज्याची त्याची दृष्टी, ज्याचे त्याचे सत्य’ असा निष्कर्ष काढणे आज सोयीचे झाले आहे. मला तो घातक वाटतो. तो मान्य केला तर पुस्तिका जाळणारा अधिकारी आणि ती काढणारा चित्रकार एकाच पायरीवर येतात. दृष्टी अनेक असतात. मृत्यू मात्र दृष्टीवर अवलंबून नसतो. कोणती दृष्टी सत्याच्या अधिक जवळ, हे ठरवता येते. जी माणसाच्या जवळ जाते आणि स्वतःची पडताळणी करू देते, ती.

चित्राचीही मर्यादा ओळखली पाहिजे. कोण मरते आहे हे रेखाचित्र सांगते. का मरते आहे हे सांगायला मजुरी आणि भाव यांचे आकडे लागतात. माणसावाचून आकडा आंधळा आणि कारणावाचून चित्र केवळ करुणा.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. उद्या तुम्ही एखाद्या उपाशी माणसाचे चित्र काढाल, तेव्हा त्याच्या संमतीने खाली त्याचे नाव आणि गाव लिहा. त्याची त्या दिवसाची मजुरी आणि बाजारातला तांदळाचा भावही लिहा. मग ते चित्र खोटे ठरवणे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही.