‘सुरेल’ आणि ‘गोड’

नखरा असलेली ती नखरेल, रंगात रमणारा तो रंगेल. त्याच घडणीचा शब्द सुरेल. ‘सूर’ हा संस्कृत ‘स्वर’ शब्दाचाच अवतार. ज्याच्या ठायी सूर आहे, ते सुरेल. गोडव्याचा त्यात उल्लेखही नाही. तरी निवेदकाच्या तोंडी प्रत्येक मैफल ‘सुरेल’च असते, तीही बहुधा सुरू होण्यापूर्वी!

अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज बारीक, नाजूक. त्यांच्याच परंपरेतील पंडित भीमसेन जोशी यांचा भरदार, रुंद. आवाजांची जात भिन्न, सुरेलपण दोघांचेही निर्विवाद. उलट, साखरेसारखा गळाही षड्जापासून केसभर ढळला की बेसूरच.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा किंचित किंचित सरकवत राहतो. तार वाजत असतेच. त्याचे समाधान होत नाही. जवारी खुलली, एकाच तारेतून स्वरांचे वलय उमटू लागले, की मगच हात थांबतो. आज ध्वनिमुद्रणात ढळलेला स्वर संगणक जागेवर आणून ठेवतो. गाणे सुरेल होते, गायक होत नाही.

शालेय स्पर्धेत सूर निसटलेल्या मुलालाही परीक्षक ‘सुरेल गायलास’ म्हणतात. हेतू चांगला, परंतु आपला सूर कोठे सुटला हे त्या मुलाला मग कोण सांगणार? आवाज गोड असेल तर गोड म्हणावे, पाठांतर चोख असेल तर चोख म्हणावे. ‘सुरेल’ म्हणायचे ते त्याचा षड्ज तंबोऱ्यात मिसळेल तेव्हा.