नाही म्हणण्याचा हक्क

उधना किंवा लिंबायत येथील मराठी घरात आजीने चिलया बाळाची कथा सांगावी आणि शेजारच्या गुजराती घरात तीच कथा चेलैयाच्या नावाने चालू असावी, ह्यात सुरतकरांना काही नवल वाटणार नाही. मराठीत श्रियाळ राजा आणि चांगुणा राणी, गुजरातीत सगाळशा शेठ आणि त्याची पत्नी. बाळ मात्र एकच. अतिथीचा शब्द राखण्यासाठी आई-वडील पोटच्या मुलाचा बळी देतात आणि तो बाळ हसतमुखाने पुढे येतो. शेवटी देव प्रसन्न होतो, बाळ परत मिळतो आणि ऐकणारे डोळे पुसतात. ‘मला भीती वाटते, मी येणार नाही,’ असे तो बाळ म्हणाला असता तर काय झाले असते, हे कथा विचारीत नाही. आज तो प्रश्न रुग्णालयांत उभा आहे.

थॅलॅसेमियाचे उदाहरण घ्यावे. गुजरातेतील सिंधी, लोहाणा इत्यादी समाजांत ह्या रक्तरोगाचे प्रमाण अधिक आहे. त्याच्या तीव्र प्रकारात मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रोगातून मुक्त करणारा रूढ उपाय म्हणजे अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. त्यासाठी पेशींचा मेळ बसणारा दाता हवा, आणि सख्ख्या भावंडांत असा पूर्ण मेळ बसण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून डॉक्टरांची दृष्टी साहजिकच रोग्याच्या भावंडांकडे वळते.

समजा, अशा एका घरात अकरा वर्षांची थोरली मुलगी आणि सहा वर्षांचा आजारी भाऊ आहे. तपासणी होते, मेळ बसतो, घरात आनंदीआनंद होतो. आजी देवापुढे साखर ठेवते. आई मुलीच्या केसांवरून हात फिरवीत विचारते, ‘ताई, देशील ना ग आपल्या बाळाला?’ मुलगी मान हलविते. परंतु त्या घटकेला तिला दुसरे काही करता आले असते काय? ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालते, तो प्रश्न नसतो, ती आज्ञा असते. मग ती कितीही मायेने दिलेली असो.

तिच्याकडून काय मागितले जाते, तेही पाहिले पाहिजे. तिला पूर्ण भूल देऊन कंबरेच्या मागील हाडातून सुईने मज्जा काढतात. काही दिवस दुखते, काही आठवड्यांत मज्जा पुन्हा भरून येते. धोका थोडा आहे. पण शरीर तिचे आहे आणि त्या शरीराला ह्या उपचाराची काहीही गरज नाही.

आपल्या कायद्याने ह्या बाबतीत भेद केला आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाचा मेंदू मृत झाला, तर आई किंवा वडील त्याच्या अवयवदानास संमती देऊ शकतात. २०२३ च्या ऑक्टोबरात सुरतेतील एका दांपत्याने अवघ्या काही दिवसांच्या बाळाचे अवयव असेच दिले. जिवंत मुलाची गोष्ट वेगळी. २०१४ च्या नियमांनुसार असाधारण वैद्यकीय कारण असल्यावाचून आणि शासनाची पूर्वसंमती घेतल्यावाचून अज्ञान मुलाचा अवयव घेता येत नाही. २०२२ साली मुंबईत सोळा वर्षांच्या एका मुलीने वडिलांना यकृताचा भाग देण्याची परवानगी मागितली. ती भावनिक दडपणाखाली नाही, ह्याची शासकीय समितीला खात्री पटली नाही आणि उच्च न्यायालयानेही परवानगी दिली नाही. मुलाच्या ‘हो’ची इतकी पारख करणारा हा कायदा आहे. अस्थिमज्जेची प्रत्यारोपणे मात्र लहान भावंडांमध्ये आई-वडिलांच्या संमतीने होत असतात, आणि तेथे मुलाच्या मनाची चौकशी घरच्यांच्या व डॉक्टरांच्या विवेकावरच राहते.

यावर कोणी म्हणेल, ‘भाऊ मरणाच्या दारी असता हक्काच्या गोष्टी कसल्या?’ हा आक्षेप हलका नाही. १९९० साली अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हेच धर्मसंकट उभे होते. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बारा वर्षांच्या मुलासाठी त्याच्या साडेतीन वर्षांच्या सावत्र जुळ्या भावंडांची तपासणी व्हावी, अशी बापाची मागणी होती. जुळ्यांच्या आईने नकार दिला. देणाऱ्या मुलाचे त्यात स्वतःचे हित असले पाहिजे, दोन मुलांत खरा जिव्हाळ्याचा संबंध असला पाहिजे आणि सांभाळणाऱ्या पालकाचा आधार असला पाहिजे, असे सांगून न्यायालयाने सक्ती नाकारली. तो मुलगा पुढे वाचला नाही. हक्काला अशी जबर किंमत असू शकते, हे लपवून चालणार नाही.

परंतु नकार ऐकून घेणे म्हणजे नकार शिकविणे नव्हे. मुलाच्या ‘नाही’मागे पुष्कळदा सुईची भीती असते, भूल दिल्यावर जाग येणार नाही ही शंका असते, किंवा आजाऱ्याकडेच सर्वांचे लक्ष असल्याचे जुने दुःख असते. ते बोलू दिले तर पुष्कळदा विरते. दाबले तर मनात राहते. आणि प्रत्यारोपण अयशस्वी झाले, तर ‘माझीच मज्जा वाईट होती’ असे मुलाने मनाशी धरण्याचा धोका असतो.

म्हणून विचारावयाचे ते तपासणीच्या आधी. मेळ बसल्याचे एकदा जाहीर झाले, की नकार म्हणजे भावाचा घात, असा अर्थ घरात आपोआप होतो. विचारणारा मनुष्यही निराळा हवा. आजारी मुलाच्या डॉक्टरचे मन त्या मुलापाशी गुंतलेले असते, आई-बापाचे तर दोन्हींकडे. इंग्लंडात २००४ च्या कायद्याखाली स्वतंत्र परीक्षक देणाऱ्या मुलाशी बोलतो; अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१० साली अशा मुलासाठी स्वतंत्र हितरक्षक असावा, अशी शिफारस केली. मुलाचे मत ऐकावे, हे तत्त्व सांगणारा बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानेही १९९२ साली स्वीकारला आहे.

ज्याला बोलताच येत नाही, त्याचे काय? २०२० च्या मार्चात अहमदाबादेत सुमारे दीड वर्षाच्या बहिणीची मज्जा थॅलॅसेमियाग्रस्त भावाला देण्यात आली. मेळ बसावा म्हणून तिचा गर्भच पारखून निवडला होता. मुलीचे वजन पुरेसे वाढेपर्यंत डॉक्टर थांबले, भाऊ बरा झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण पुढे भावाला पुन्हा काही लागले, तर त्या वेळी ती बोलू शकणारी असेल. तिला तेव्हा विचारले जाईल काय, ह्यावरून त्या घरात तिचे स्थान काय, हे ठरेल.

चिलया बाळाच्या कथेत शेवटी देव येऊन सारे पूर्ववत् करतो. रुग्णालयात ते काम माणसांनाच आधी करावयाचे असते. आईने तोच प्रश्न विचारावा. पण त्याच्या आधी एवढे सांगावे, ‘ताई, तू नाही म्हणालीस तरी तू आमची आहेस, आणि कोणी तुला बोल लावणार नाही.’ हे ऐकून, थोडा विचार करून, त्या मुलीने ‘हो’ म्हटले, तर त्याला दान म्हणावे.